शिंग वाजेपर्यंत उपास

मित्रांनो, मी एक जुनं, टोकाशी जरा वाकडं असं मेंढ्याचं शिंग आहे. शोभेचं नव्हे, वाजवायचं. ज्यू लोक आपल्या नव्या वर्षाला मला फुंकतात आणि दहा दिवसांनी प्रायश्चित्ताचा मोठा उपास संपला की पुन्हा फुंकतात. त्या उपासात पाण्याचा थेंबही चालत नाही. माझा आवाज ऐकल्याशिवाय कोणी उठत नाही.

आम्हा शिंगांना कुळाचा फार अभिमान. जुन्या कथेत एक बाप पोराचा देवाला बळी द्यायला निघाला. त्या सुरीखालून पोरगा सुटावा म्हणून जो मेंढा झुडपात अडकला, तो म्हणे आमचा मूळपुरुष. पुढे जेरुसलेमचं देऊळ दोनदा जळालं. लोक बाबेलला नेले गेले, परतले, पुन्हा जगभर पांगले. स्पेनमध्ये यांच्या धर्मावर बंदी आली तेव्हा तर तळघरात, उशीआड तोंड दाबून आम्हाला फुंकत. यातलं मी काही पाहिलेलं नाही. पण या लोकांत राहिलं की अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट कालच्या भांडणासारखी कानावर येते. गाव सोडताना यांची घरं मागे राहिली, भांडीकुंडी राहिली. वाद तेवढे न विसरता बरोबर आले.

माझा जन्म लिथुआनियातल्या एका खेड्यात झाला. हिर्श नावाच्या कंगवे करणाऱ्याने मला उकळलं, घासलं, टोक कापून भोक पाडलं. "कंगव्याचा दात मोडला तर चालतं," तो म्हणाला, "पण याला लांबीत चीर गेली की हे बाद."

मला तीस वर्षं फुंकलं ते झुंडेल नावाच्या शिक्षकाने. त्याची फुंकर लांब आणि सरळ. बायका डोळे पुसत. झुंडेलचा मित्र कालमन लहानपणी त्याच्याच बाकावर बसून धर्मग्रंथ शिकलेला. मित्र म्हणजे काय, रोज भांडायचा ठरलेला माणूस. तो म्हणे, "बायका भुकेने रडतात रे. उगाच फुशारू नकोस."

मग लढाई आली. झुंडेल, त्याची मुलगी मिरेल आणि कालमन कशीबशी कागदपत्रं मिळवून निघाले. मी मिरेलच्या लोकरी मोज्यात होतो. सैबेरियाच्या आगगाडीत झुंडेलला ताप भरला. ताप उतरला, पण काळीज पोखरून गेला. १९४१ साली आम्ही जपानात, कोबे बंदरावर उतरलो. तिथल्या ओकानो नावाच्या बाईंनी आपल्या घराचा वरचा मजला आमच्यासारख्या चाळीस जणांना प्रार्थनेला दिला.

उपासाचे दिवस जवळ आले, आणि या लोकांनाच पडावा असा प्रश्न पडला. आज वार कोणता?

हसू नका. पृथ्वी गोल आहे. वार कुठेतरी बदलायलाच हवा. दर्यावर्दी लोकांनी वार बदलायची रेघ मोठ्या समुद्रात, जपानच्या पलीकडे ओढली. पण काही धर्मपंडित जेरुसलेमपासून मोजायचे. त्यांच्या मोजणीत रेघ जपानच्या अलीकडे पडे. म्हणजे कोबेतला बुधवार हा खरा मंगळवार, आणि बुधवारचा उपास करायचा गुरुवारी. जेरुसलेमला तारा गेल्या. उत्तरं आली दोन. एक म्हणालं बुधवार. दुसरं म्हणालं, बुधवारी जेवा, गुरुवारी उपास करा.

चाळीस जणांनी बुधवार धरला. कालमनने एकट्याने गुरुवार धरला.

"आणि तुम्ही हो, बाबा?" मिरेलने विचारलं.

"दोन्ही," झुंडेल म्हणाला. "शंका कशाला ठेवा?"

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? एक दिवस झेपेल. दुसऱ्या दिवशी काळीज बंद पडेल."

"डॉक्टरांना काळजातलं कळतं. वारातलं नाही."

आजारी माणसाने खाल्लं तर धर्माला चालतं, नव्हे त्याने खाल्लंच पाहिजे. हे झुंडेलला पाठ होतं. शंभर पोरांना त्याने ते शिकवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र गुरुजींची पाठ्यपुस्तकं बंद.

बुधवारी दिवसभर प्रार्थना चालली. कालमनने आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून एक उकडलेलं अंडं खाल्लं. त्याच्या हिशेबाने तो साधा मंगळवार होता, तरी घास उतरता उतरेना. संध्याकाळी तोही वर येऊन दाराशी उभा राहिला.

खिडकीबाहेर तीन तारे दिसले, म्हणजे यांच्या हिशेबाने दिवस संपून पुढचा लागला. सगळे झुंडेलकडे बघू लागले. मी त्याच्या मांडीवर होतो. त्याची बोटं गार होती, ओठ निळे पडले होते.

तो मला उचलेना. उचललं तर उपास संपला असं होणार, आणि मग त्याला दुसऱ्या दिवशीचा धरता येणार नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "गुरुजी, द्या इकडे, मी फुंकतो." त्याने मला आणखी घट्ट धरलं. चाळीस सुकलेली तोंडं खोळंबली. गुरुजींच्या हातून शिंग ओढून कोण घेणार?

मिरेल साखर घातलेल्या चहाचा पेला घेऊन त्याच्यापुढे बसली. "बाबा, आईला सैबेरियाच्या आधीच पुरलं. मला इथे कोण आहे?"

"उद्या संध्याकाळी पितो, बाळ," तो म्हणाला. आवाज माझ्यापर्यंतही नीट पोचला नाही. त्याची मान एका बाजूला कलली.

तेवढ्यात कालमन दारातून गर्दी सारत आला. एकेक बोट सोडवून त्याने मला काढून घेतलं. झुंडेलमध्ये विरोध करायची ताकद नव्हती.

"तू?" झुंडेल पुटपुटला. "तुझा तर उपास आत्ताच लागला. उपास चालू असताना तुला शिंग फुंकणं चालत नाही."

"नाही चालत," कालमन म्हणाला आणि त्याने फुंकलं.

त्या खोलीत ओले ओठ तेवढे त्याचेच होते, पण सवय कुठे होती? खोकला झालेल्या बोकडासारखा आवाज निघाला. मला शरमच वाटली. पण बाकं सरकली, चाळीस माणसं उठली. उपास संपला.

"पी," कालमन म्हणाला.

"कालमन, तुझा दिवस मोडलास."

"जीव वाचवायला मोडता येतो. तुझ्या बुधवारीही आणि माझ्या गुरुवारीही. एवढं एकच आपण दोघं सारखं शिकलो. आता पितोस की पुन्हा वाजवू?"

झुंडेल प्याला. अर्धा चहा दाढीवर सांडला, तरी प्याला.

दुसऱ्या दिवशी कालमन रिकाम्या माडीवर एकटा उपाशी बसला. झुंडेल दिवसभर त्याच्या शेजारी होता. सूर्य मावळला तेव्हा त्याने मला उचललं आणि त्या एका माणसासाठी फुंकलं. इतकी लांब फुंकर त्याने भरल्या सभेतही कधी मारली नव्हती.

लढाईनंतर आमच्या गावच्या मारल्या गेलेल्यांची यादी आली. तीत हिर्श होता. जवळजवळ सगळेच होते. ज्यांना मी रडवत असे त्या बायकाही.

आज मी हैफा शहरात मिरेलच्या नातवाकडे काचेच्या कपाटात आहे. इथे वार कोणता याची कुणाला शंका नाही. बाकी वाद भरपूर आहेत. पाहुणे मला बघून "किती जुनं!" म्हणतात आणि जेवायला बसतात. वर्षानुवर्षं कोणाचा ओठ लागलेला नाही. कपाटातली हवा कोरडी आहे, आणि मला चिरेची भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरीही असं एखादं जुनं काही असेल. ते नुसतं काचेत ठेवू नका, कधीतरी वापरा. मला नीट फुंकता नाही आलं तरी चालेल, आवाज बोकडासारखा निघाला तरी चालेल. मात्र फुंकण्याआधी शेजारी बसलेल्याचे ओठ निळे तर पडले नाहीत ना, एवढं बघा.