पुढच्या खोलीचे टेकू

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं बावीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली त्याला ही म्हण लागू पडायचं कारण नव्हतं. पण ओळंब्याला ती लागू पडली, आणि तीही अगदी शेवटच्या दिवशी, सकाळी साडेआठ वाजता.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी जी वजन बांधलेली दोरी सोडतात, तिचं हे नाव. हाताखालच्या माणसांनी ते त्याला चिकटवलं होतं, कारण भिंत बोटभर कलली तरी हा बाबा मालकाच्या देखत ती पाडायला लावायचा. त्यामुळे त्याच्याकडून काम करून घेणारे खूश असायचे आणि त्याच्याबरोबर काम करणारे वैतागलेले. बायको दोन्हींत मोडत होती. गेले काही महिने मात्र ती फक्त वैतागलेल्यांत होती.

घराचा पैसा तिच्या खात्यातून आला होता. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिला दर महिन्याला पगाराची चिठ्ठी मिळायची आणि गवंड्याला चिठ्ठी देतो कोण, म्हणून पहिल्या घरासाठीचं सरकारी बचत खातं तिच्याच नावावर उघडलं. तुम्ही तीन टाका, एक आम्ही टाकू, असा सरकारचा शब्द होता. तिनं आठ वर्षं सुट्टीच्या दिवशीही मशीनवर बसून ते तीन टाकले. अट एकच होती. पहिले पैसे काढल्यापासून दोन वर्षांच्या आत घरावर छत पाहिजे आणि सरकारच्या माणसानं ते डोळ्यांनी पाहून तसं लिहिलं पाहिजे. नाहीतर सरकारचा हिस्सा सरकारला परत. तो हिस्सा म्हणजे दारं, खिडक्या, नळ, वीज आणि गिलावा, म्हणजे चार भिंतींना घर म्हणायला जे जे लागतं ते सगळं. भाड्याची खोली तर त्यांनी आधीच सोडायची ठरवली होती. उद्या तिथं नवीन भाडेकरू येणार होते.

दोन वर्षं आज संपत होती. निरीक्षक बाई चार वाजता येणार होत्या. पण काळजीचं काही नव्हतं, कारण नऊ दिवसांपूर्वी स्लॅब टाकून झाला होता. छत झालं म्हणजे झालं, असं नवराबायको दोघंही धरून चालले होते. ओळंब्यानं अर्ज कधी वाचला नव्हता. बायकोनं वाचला होता, पण आठ वर्षांपूर्वी.

मेहुणा आला तो हातात कागद आणि खांद्यावर पहार घेऊन. हा बायकोचा धाकटा भाऊ, सामानाचा टेम्पो चालवायचा आणि जगातली कुठलीही गोष्ट दुपारच्या आत उरकता येते यावर त्याचा विश्वास होता.

"भावजी, काल बँकेत ताईचा खातेउतारा आणायला गेलो होतो. खिडकीवरच्या माणसानं हा कागद दिला. तपासणीच्या सूचना. सहावी वाचा."

ओळंब्यानं वाचली. छत सर्व टेकू काढून, स्वतःच्या आधारावर उभे असावे. त्यानं पुन्हा वाचली. मग त्यानं पुढच्या खोलीकडे पाहिलं. तिथं फळ्यांखाली सोळा टेकू रांगेनं उभे होते आणि वरचा सगळा भार मुकाट्यानं पेलत होते.

"तोंड काय पाडताय?" मेहुणा म्हणाला. "साडेसात तास आहेत. काढून टाकू."

"नऊ दिवस झालेत फक्त."

"लोक पाच दिवसांत काढतात."

"त्या लोकांची घरं नंतर दुरुस्त करायला मीच जातो."

हे खरं होतं. खोली पंधरा फुटांच्या आत असेल तर सात दिवस पुरतात, त्याहून मोठी असेल तर चौदा, हा हिशोब तो झोपेतही सांगू शकला असता. स्वयंपाकघर आणि मागची खोली लहान होती. पुढची मात्र सोळा फुटांची. आणि गेला आठवडाभर थंडी अशी पडली होती की बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. थंडीत काँक्रीटला घट्ट व्हायला वेळ लागतो. त्याला घाई सांगून उपयोग नसतो.

मागच्या दोन्ही खोल्यांचे टेकू त्यानं साडेदहापर्यंत काढले. छत जागचं हललं नाही. मग त्यानं बँकेला फोन लावला आणि पाच दिवसांची मुदत मागितली. पलीकडचा माणूस चांगला होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तारीख म्हणजे तारीख, कॉम्प्युटर आमचंही ऐकत नाही. फोन ठेवल्यावर ओळंबा विटांच्या ढिगावर बसला. मेहुण्यानं त्याच्यासमोर दहा फेऱ्या मारल्या आणि अकराव्या फेरीला बहिणीला फोन केला.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन वाजता आली. तिच्या ओढणीला अजून पांढरे धागे चिकटलेले होते. तिनं कागद वाचला, पुढच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वाळू दोनदा परत पाठवलीत," ती म्हणाली. "माती आहे म्हणून."

"होती माती."

"सळयांना गंज आहे म्हणून टेम्पो परत पाठवलात. मागची भिंत उभी झाल्यावर पाडलीत."

"बोटभर बाहेर होती."

"बारा दिवस गेले त्यात. मी मोजलेत. ते बारा दिवस गेले नसते तर आज स्लॅबला एकवीस दिवस झाले असते."

तिचं गणित चोख होतं. त्याला स्वतःचा राग आला.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "काढले तर पडेल का?"

"बहुतेक नाही पडणार. दहातल्या नऊ वेळा उभं राहतं."

"मग?"

"मी कुणाच्याच घराचे असे काढलेले नाहीत."

"हे कुणाचं घर नाहीये हो!" तिचा आवाज चिरकला. "हे आपलं आहे. माझी आठ वर्षं आहेत त्यात. पाठ मोडेपर्यंत कॉलरी शिवल्या मी. आयुष्यभर लोकांसाठी सरळ राहिलात ना, आज एकदा माझ्यासाठी वाकडे व्हा."

मेहुण्यानं मान दुसरीकडे वळवली. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. ओळंबा उठला, अंगावरची विटांची धूळ झटकली आणि हातोडा घेतला.

"दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहा. मी हाक मारल्याशिवाय कुणी आत यायचं नाही."

"मी येतो ना मदतीला," मेहुणा म्हणाला.

"रस्त्यावर म्हटलं ना!"

टेकू काढायला सुरुवात मधून करतात आणि मग कडांकडे सरकतात. ओळंबा खोलीच्या मधोमध उभा राहिला. अडीच वाजले होते. टेकूच्या बुडाशी ठोकलेल्या लाकडी पाचरीवर त्यानं हातोडा घातला. तीन घावांत पाचर सुटली. टेकू हळूच सैल झाला आणि त्यानं तो भिंतीला लावून ठेवला. मग श्वास रोखून ऐकलं. काही नाही.

दुसरी पाचर चिवट होती. ती निघाली तेव्हा वरून बारीक आवाज आला, कट्ट असा. फळी काँक्रीटपासून सुटताना असा आवाज येतो. स्लॅबला चीर जातानाही साधारण असाच येतो. या दोन आवाजांतला फरक त्याला बावीस वर्षं पाठ होता आणि आज काही केल्या सांगता येईना. त्याच्या तळहातांना घाम सुटला. थंडीत, चक्क घाम. त्यानं तो विजारीला पुसला आणि तिसऱ्या टेकूशी वाकला.

घाव घालायला हात वर केला तेव्हा मागं पावलं वाजली. बायको आत आली होती.

"बाहेर जा," तो म्हणाला.

"बाहेरून तुमचा आवाज येत नव्हता. नुसता हातोडा वाजत होता. मग तोही थांबला." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काही झालेलं नाही. बाहेर जा म्हणतो ना."

"तुम्हीच म्हणालात ना, उभं राहील म्हणून?"

"राहील."

"मग मी इथं थांबते. लवकर उरका."

ती खरंच थांबली. हाताची घडी घालून, छताच्या बरोबर मध्याखाली, जिथले दोन टेकू त्यानं नुकतेच काढले होते. तिला हट्ट करायचा नव्हता की परीक्षा घ्यायची नव्हती. एकट्यानं रस्त्यावर उभं राहणं तिला सोसवत नव्हतं, एवढंच. वरच्या फळीतून थोडी भुकटी सुटली आणि तिच्या केसांवर बसली.

ओळंब्याचा हात वरच राहिला. दहातल्या नऊ वेळा, हा हिशोब त्यानं केला होता तेव्हा छताखाली तो एकटाच असणार होता. स्वतःचं डोकं घालायला तो तयार होता, त्यात फारसं धाडस लागत नाही. पण आता त्या दहाव्या वेळेत ती उभी होती. त्यानं शंभर घरमालकांना ठणकावून नाही म्हटलं होतं आणि त्यातल्या एकाच्याही बायकोचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आज पहिल्यांदा त्याला कळलं, की आपण सरळपणा म्हणून मिरवत होतो ते अशा छताखाली उभ्या असलेल्या माणसासाठी होतं.

त्यानं हातोडा खाली घेतला.

"तो टेकू आण," तो म्हणाला. "भिंतीला लावलेला. धरून ठेव सरळ."

"परत लावताय?"

"धर."

तिनं टेकू धरला. त्यानं बुडाशी पाचर घातली आणि ठोकली. मग दुसरा लावला. तिनं तोही धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, कारण दोन्ही हात टेकूला होते.

निरीक्षक बाई चारला दहा मिनिटं कमी असताना आल्या. मध्यम वयाच्या, थकलेल्या, पायांत धुळीनं माखलेले बूट. दारात थांबून त्यांनी आधी वर पाहिलं, मग टेकू पाहिले, आणि मग कसलीही शंका न घेता सरळ आत आल्या.

"हे निघणार नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"निघतील, मॅडम. मी काढणार नाही."

"किती दिवस झाले?"

"नऊ. खोली सोळा फुटांची आहे."

बाईंनी मान हलवली.

"आजचं हे चौथं घर," त्या म्हणाल्या. "सकाळी एका ठिकाणी पाच दिवसांचा स्लॅब होता. टेकू काढून मागं ताडपत्रीखाली लपवले होते. मी दारातूनच पाहिलं आणि पूर्ण असं लिहिलं. आत गेले नाही. माझी हिंमत झाली नाही."

"मग इथंही तसंच लिहा की!" मेहुणा पुढं झाला. "तिथं लिहिता, इथं का नाही? इथं तर घर पक्कं आहे."

"तिथं टेकू नव्हते. इथं आहेत. मला तेवढंच विचारलंय, भाऊ." त्यांचा आवाज खाली आला. "तुमचे स्वतःचे साठवलेले पैसे तुमचेच राहतील. व्याजही. सरकारचा हिस्सा मात्र जाईल."

फॉर्मवर त्यांनी अपूर्ण या शब्दापुढं खूण केली. खाली कारणासाठी एक ओळ होती. खातेदाराला विचारून लिहायची.

"कारण काय लिहू?"

"लिहा," बायको म्हणाली, "नवरा गवंडी आहे."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळंब्याकडे पाहिलं, आणि काँक्रीटला पुरेसा अवधी मिळाला नाही असं लिहिलं. बायकोनं सही केली. आठ वर्षांपूर्वी खातं उघडताना केली होती तितकीच सावकाश केली.

बाई गेल्या. मेहुण्यानं पहार उचलली. तेल गेलं, तूप गेलं, एवढंच म्हणाला आणि पुढचं धुपाटणं बहिणीचा चेहरा पाहून गिळून टाकलं. उद्या सामान हलवायला टेम्पो घेऊन येतो, पैसे नकोत, असं सांगून तोही निघून गेला. सामान हलवायचं कुठं, हे कुणीच बोललं नाही. मागच्या दोन खोल्यांवर छत होतं. दार एकीलाही नव्हतं, आणि आता लवकर होणारही नव्हतं.

दोघं दाराच्या जागी जी पायरी होती तिच्यावर बसले.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"खूप. आणि किती दिवस ते विचारू नका, मलाच माहीत नाही."

"बरं."

"बरं काय बरं? माझी दारं गेली, खिडक्या गेल्या." ती पुन्हा रडायला लागली आणि त्यानं तिला रडू दिलं. त्यानं फक्त तिच्या केसांवरची भुकटी झटकली. तिनं त्याचा हात झिडकारला नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "चौदा दिवस व्हायला अजून पाच राहिले ना? मग सहाव्या दिवशी रजा टाकते. टेकू मी काढणार. पहिला घाव माझा."

दुसरा कुणी नवरा असता तर या क्षणी मुकाट्यानं हो म्हणाला असता. ओळंब्यानं तोंड उघडलं, मिटलं, थंडीनं लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं.

"आठव्या दिवशी टाक," तो म्हणाला. "थंडी आहे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला शिवी द्यावी की हसावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं दोन्ही केलं.