नॉर्मनचा डावा हातमोजा

नाक मुरडू नका, मित्रांनो. वास येतो, मला ठाऊक आहे. आयुष्यभर एकाच माणसाचा घाम प्यायलोय. मी एका विकेटकीपरचा जुना डावा हातमोजा आहे. उजवा माझा भाऊ. आम्हाला शिवलं इंग्लंडमध्ये, आणि आमचा धनी होता नॉर्मन हॅक्सबी. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. काउंटी संघाच्या मुख्य कीपरचं बोट मोडलं, की नॉर्मनला बोलावणं यायचं. बाकी उन्हाळाभर बिचारा दुसऱ्यांना पाणी नेऊन द्यायचा.

एकदाच अख्खं मैदान आमच्यासाठी उभं राहिलं. लेगच्या बाजूने निसटणारा चेंडू आम्ही धरला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बेल्स उडवल्या! पुढच्या आठवड्यात मुख्य कीपर बरा होऊन आला. आम्ही पुन्हा बॅगेत.

शेवटी काउंटीने त्याला नारळ दिला. तेव्हा तो इथे न्यूझीलंडला, पोरिरुआच्या एका क्लबकडून खेळायला आला आणि इथलाच झाला. संसार केला, पोरांना कीपिंग शिकवलं. मग बायको गेली, मुलगी जेनेट दूर अल्बनीला राहायला गेली, आणि नॉर्मन एकेक गोष्ट विसरत वृद्धाश्रमात येऊन पडला. जेनेटचं नावही विसरला. आम्हाला मात्र विसरला नाही.

पडून पडून पाठीला झालेल्या जखमांची पट्टी बदलताना तो किंचाळायचा, हात झाडायचा. मग सिद्धी, नाशिकहून शिकायला येऊन इथेच नोकरीला लागलेली मुलगी, आम्हाला त्याच्या हातांत चढवायची. लगेच स्वारी दोन्ही पंजे पुढे धरून, चेंडूची वाट बघत शांत बसायची.

एकदा जेनेट भेटायला येणार होती. तिला वास नको यायला, म्हणून सिद्धीने आम्हाला मशीनमध्ये टाकलं. गरम पाणी, वर ड्रायर. अगं बाई, कातडं आहे ते! बाहेर आलो ते स्वच्छ, सुवासिक आणि पापडासारखे कडक. नॉर्मनची मोडून वाकडी झालेली बोटं आत जाईनात.

त्या दिवशी पट्टी बदलताना तो इतका ओरडला, की दारात उभी असलेली जेनेट रडत निघून गेली. सिद्धीने नाशिकला फोन लावला.

"आई, माझ्या हातून वाटोळं झालं गं."

कोल्हापुरी चपलांना चोळतात तसं एरंडेल चोळ आणि धीर धर, असं आईने सांगितलं. धीर धरायला वेळ कुठे होता? नॉर्मनने अन्न सोडलं होतं.

ड्यूटी संपली की सिद्धी आम्हाला मांडीवर घेऊन तेल चोळत बसायची. उजवा हळूहळू मऊ पडला. माझ्या शिवणी आखडल्या त्या आखडल्याच. फार लाज वाटायची मला.

शेवटच्या सकाळी उजवा त्याच्या हातात गेला. नॉर्मन शांत झाला. त्याने उघडा डावा हातही पुढे केला.

"दुसरा कुठाय?"

सिद्धीने तो वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आहे, इथेच आहे," ती म्हणाली. मी तिच्या मांडीवरच होतो.

जेनेटने उजव्याला त्याच्यासोबतच पुरायला सांगितलं. मी सिद्धीकडे आलो. मित्रांनो, तिच्या मायेत काही कमी नव्हतं. तरी म्हाताऱ्या माणसाची वस्तू धुवायला घ्याल, तेव्हा ती त्याच्या कामाला कशी येते, तेवढं आधी बघा.

सिद्धी अजून रोज मला तेल चोळते. गेल्या आठवड्यात माझ्या शिवणी सैलावल्या. आता नॉर्मनची बोटं अगदी सहज आत गेली असती.