गजर पंधरा मिनिटं आधी झाला

मित्रांनो, मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. पोट गोल, पत्र्याचं. डोक्यावर दोन घंटा, पाठीला चावी. सध्या माझा मुक्काम एका दवाखान्यातल्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. सोबतीला संपत आलेली चिकटपट्टी आणि पेन हरवलेलं एक टोपण. दोघंही अबोल. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

मी तयार झालो तेव्हा कारखान्यातल्या म्हाताऱ्या तपासनीसांनी तीन दिवस मला कानाशी धरून ऐकलं आणि म्हणाले, "हे पोर खोटं बोलायचं नाही." ते वाक्य मी जन्मभर जपलं.

पुढे दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला आणलं आणि इंजेक्शननंतर बसायच्या खोलीत ठेवलं. खोली एवढीशी. एक खिडकी, एक खुर्ची आणि फळीवर मी. तिथे अंगावर गांधी उठणारे लोक येत. महिनोन्महिने खाज, लाल चट्टे, झोपेचं खोबरं. गोळ्यांनी भागेना की डॉक्टर त्यांना महिन्याला एक इंजेक्शन देत. बऱ्याच जणांना त्याचा गुण येई. त्रास झालाच तर टोचलेली जागा दुखे, लाल होई, कधी डोकं धरे. पण क्वचित एखाद्याला त्या औषधाचीच जबर ॲलर्जी होते. घसा आवळतो, जीभ सुजते, श्वास अडतो. तेव्हा मिनिटामिनिटाला किंमत असते. म्हणून पहिल्या तीन वेळा दोन तास आणि पुढे दर वेळी अर्धा तास तिथे बसायचं, असा दवाखान्याचा नियम होता. "आधी काही झालं नाही म्हणून पुढे होणारच नाही, असं नसतं," नर्सबाई प्रत्येकाला बजावत. मग माझा गजर लावून त्या शेजारच्या खोलीत जात. माझ्यावर त्यांचा भारी भरवसा.

दिवसभर लोक माझ्याकडे टक लावून बघत. पण जिव्हाळ्यानं कुणीच नाही. मी कधी एकदा पुढे सरकतो, एवढंच त्यांना हवं असे. गजर झाला की पाठमोरे होत. मला फार एकटं वाटे.

एक बाई तेवढ्या वेगळ्या होत्या. शाळेचे गणवेश शिवायच्या. गांधींनी त्यांचे हात असे सुजत की सुई धरता येत नसे. चार इंजेक्शनांनंतर हात पुन्हा चालू लागले. त्या एकट्याच राहत, म्हणून असेल, माझ्याशी बोलत. "काय रे ढेरपोट्या, जरा पाय उचल की!" एवढ्या एका वाक्यावर मी महिना काढत असे.

पाचव्या वेळी त्या आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या. आईच्या माघारी धाकट्या बहिणीशी त्यांचा अबोला पडला होता, आठ वर्षांचा. ती आता दूरदेशी कायमची निघाली होती. सकाळी तिचा निरोप आला होता. 'पाच वाजता बस आहे.' बस्स, एवढाच. इंजेक्शन सव्वाचारला झालं. माझा गजर पावणेपाचचा. बसथांबा अर्ध्या तासाच्या वाटेवर.

बाई उठल्या. मला उचललं. हात गार होते त्यांचे. "माफ कर रे," म्हणाल्या आणि पाठीवरची गुंडी फिरवून माझे काटे पंधरा मिनिटं पुढे ढकलले. मित्रांनो, साडेचारलाच मी खणखणलो. आयुष्यातलं पहिलं खोटं.

शेजारी एक लहान मूल रडून गोंधळ घालत होतं. तिथूनच नर्सबाईंनी विचारलं, "अगंबाई, झाला पण अर्धा तास? त्रास नाही ना काही?"

"काही नाही, सिस्टर. येते मी."

खरं तर घशात खवखवायला लागलं होतं. त्यांनी आवंढा गिळलेला मी पाहिला. मी ओरडणार कसा? माझा गजर होऊन गेला होता.

थोड्याच वेळात जिन्यातून हाक आली. "अहो, कुणीतरी या! माझ्या ताईला श्वास घेता येत नाहीये!" धाकटी बहीण होती ती. ताई इथे असल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं म्हणून बॅग घेऊन थेट दवाखान्यातच आली होती. नर्सबाई धावल्या, मांडीत तातडीचं इंजेक्शन दिलं, बाईंना आडवं करून पाय उंच ठेवले, रुग्णवाहिका बोलावली. जीव वाचला. बस निघून गेली.

मग डॉक्टर नर्सबाईंना बरंच बोलले. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंधरा मिनिटं पुढे. "म्हातारं झालंय, धावायला लागलंय. मीच मूर्ख, त्याच्यावर विसंबले," असं म्हणून त्या रडल्या. भिंतीवर उंच, हात पोचणार नाही असं नवं घड्याळ लागलं. मी खणात गेलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

महिन्यानं खणाच्या फटीतून ओळखीचा आवाज आला. बाई बहिणीला घेऊन आल्या होत्या. ते औषध त्यांना आता कायमचं बंद झालं होतं. दुसरे उपचार डॉक्टर ठरवत होते.

"सिस्टर, घड्याळ चुकलं नव्हतं. काटे मी फिरवले."



"महिनाभर मला झोप नाही हो," नर्सबाई म्हणाल्या. "एक शब्द बोलायचात. फोन करून यांना इथेच बोलावलं असतं."

"मी तशीही येतच होते, ताई," धाकटी म्हणाली. "तू थांबली असतीस तर तुझ्या शेजारीच बसले असते."

दुसऱ्या दिवशी खण उघडला. माझा जीव घंटेत आला. नर्सबाईंना चिकटपट्टी हवी होती. त्यांनी अंगठ्यानं माझी काच पुसली, "चुकलंच माझं," म्हणाल्या आणि खण लावून घेतला.

आता त्या खोलीत दुसरी खुर्ची आली आहे, सोबत येणाऱ्यासाठी. दोघांच्या गप्पा मला इथे ऐकू येतात. मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी असं इंजेक्शन घेत असेल तर त्या दुसऱ्या खुर्चीवर तुम्ही बसा. सांगितलेला वेळ पुरा होऊ द्या. घशात खवखवलं, धाप लागली, तर भीड न धरता हाक मारा. काटे कुणालाही पुढे ढकलता येतात. तेवढ्यानं वेळ झालेली नसते.

आणि निघताना आठवण राहिली, तर खालचा खण उघडून मला एकदा चावी द्या.