मास्तरांना नमस्कार

खळ्यावर शाळवाची कणसे मोडता मोडता बनुबाई उठली, कंबरेला खोचलेले निळे पत्र चाचपले आणि भर उन्हात शाळेच्या ओट्याकडे चालू लागली. मागून शेजारचा धुळा ओरडला,

"आगं म्हातारे, पत्र काय पळून चाललंय व्हय? ही कणसं कुनी मोडायची?"

"तू मोड आन तुजी बायकू मोडू दे! माज्या अर्जुनाचं पत्र हाय त्ये. शिळं करून वाचू व्हय रं?"

अर्जुना तिचा एकुलता मुलगा, फौजेत होता. राहायला घर मिळाल्यावर त्याने बायकोला नेले. नऊ वर्षांची मनू तेवढी आजीच्या सोबतीला ठेवली. वाडीत कोणाचेही पत्र आले की ते चिंतामण मास्तरांनी वाचायचे, हा वाडीचा बावीस वर्षांचा शिरस्ता. मास्तर मूळचे वाईचे. लग्न राहिले ते राहूनच गेले. दिवसभर पोरांचा गलका असे. पण शाळा सुटली की त्या माळावर वाऱ्याखेरीज त्यांच्याशी बोलणारे कोणी नसे. पत्र आले म्हणजे मात्र पाच घरची माणसे ओट्यावर जमत. मास्तर चष्मा पुसत, घसा साफ करीत आणि वाचत. अर्जुनाच्या पत्राचा शेवट ठरलेला असे: 'मास्तरांना माझा नमस्कार सांगणे. त्यांच्यामुळे मी माणसांत आलो.' त्यावर बनुबाई म्हणे, "तुमास्नी इसरत न्हाई बगा त्यो," आणि मनूच्या हाती तांब्याभर ताक धाडी.

आज मात्र मास्तरांनी पत्राला हात लावला नाही.

"हे फोडू नकोस. उद्या साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर मनू वाचेल."

"मनू? आवं, तिला अजून शेंबूड पुसाय येत न्हाई! तुमचं डोळं गेलं का काय?"

"डोळे शाबूत आहेत. पत्र घरी घेऊन जा. इथं ठेवू नकोस."

ती पुटपुटत गेली. पत्र इथे राहिले तर आपला हात कोणते काम करील, याची खात्री मास्तरांना स्वतःलाच नव्हती.

हे सारे दिवाळीनंतर सुरू झाले होते. वाचन कसे शिकवावे याचे दहा दिवसांचे प्रशिक्षण कराडला झाले. शिकवणाऱ्या राजेश्वरीबाई वयाने मास्तरांहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी सहज विचारले, "तुमच्या वाडीत आलेली पत्रं कोण वाचतं?"

"मीच वाचतो," मास्तर अभिमानाने म्हणाले.

"बावीस वर्षं शिकवताय, आणि पत्रं अजून तुम्हीच वाचता?"

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. वाद घालण्यात मास्तर कोणाला हार जाणारे नव्हते. पण या प्रश्नाचे जे उत्तर होते ते सांगण्याजोगे नव्हते. पोरे पुस्तक घडाघडा म्हणत. हाताचे अक्षर पुढे आले की अडखळत. आणि ती अडखळली की मास्तर पत्र स्वतःकडे ओढून घेत. अर्जुना त्यांचाच विद्यार्थी, पण धड वाचू-लिहू लागला तो फौजेत गेल्यावर.

प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची अट एकच होती: विद्यार्थ्याने कधी न पाहिलेले, हाताने लिहिलेले पत्र घरच्या माणसांसमोर वाचून दाखवायचे. मास्तर तीन महिने मनूला घेऊन बसले. दुकानदाराची चिठ्ठी, तलाठ्याची नोटीस, स्वतःचे जुने कागद, सगळे तिच्यापुढे ठेवले. आणि ती अडखळली तरी एकदाही हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख उदयसिंह फटफटीवरून आले. ओटा भरला. मनूने पत्र फोडले आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली.

"तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. इकडे थंडी फार आहे. शिमग्याला रजा मिळणार नाही. बांधावरची बाभळ तोडू नये. मनूने शाळा बुडवू नये. कळावे, अर्जुना."

"आन म्होरं?" बनुबाई म्हणाली.

"सपलं."

"मास्तरास्नी नमस्कार?"

"त्यो न्हाई ह्यात."

"न्हाई कसा? दर खेपंला असतोय! साह्यब, पोरीनं वळ गाळली बगा. तुमी मनावर घिऊ नगासा, कच्ची हाय ती."

मनूचे डोळे भरले. "न्हाई गं आज्जे, खरंच न्हाई!"

उदयसिंहांनी पत्र हाती घेतले, दोनदा पाहिले. मग त्यांनी विचारले, "मास्तर, आजीबाई म्हणतात तशी ओळ आधीच्या पत्रांत असायची?"

असायची, एवढे म्हटले असते तर निभावले असते. या खेपेला अर्जुना विसरला, असे सगळ्यांनी मानले असते. पण मनू त्यांच्याकडेच पाहत होती; आणि आज ना उद्या ही पोर आजीच्या फडताळातली जुनी पत्रे काढणार होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "पोरीनं बरोबर वाचलं. ती ओळ कुठल्याच पत्रात नव्हती. ती मी पदरची घालीत होतो."

माणसे एकेक करून उठली. उदयसिंहांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिले आणि खाली सही केली.

बनुबाई सर्वांत शेवटी उठली. पायरीवर थांबून म्हणाली, "नमस्कारच पायजे व्हता, तर मला म्हनायचं. म्या केला असता की."

त्यानंतर वाडीत पत्रे येत राहिली आणि ज्याच्या त्याच्या घरी वाचली जाऊ लागली. मनूने पाहता पाहता आणखी दोन पोरे तयार केली. ओट्यावर कोणी येईना.

चैत्रात मास्तरांच्या नावे लिफाफा आला. शाळा सुटली होती, माळावर वारा उठला होता. मास्तरांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि रिकाम्या ओट्यासमोर प्रमाणपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचले. जे होते तेवढेच वाचले; पदरचे काही घातले नाही.