खाकी चिनोज

जयराजनं ती पँट घातली, तेव्हा आईनं पहिलाच प्रश्न केला, एस.टी.त लागलास का काय? पलूसमध्ये खाकी पँट म्हणजे कंडक्टर, पोलीस, नाहीतर पोस्टमन. मुलगी बघायला निघालेल्या पोरानं खाकी घालावी, हे त्या माउलीच्या पचनी पडेना. ही तसली खाकी नव्हे, हिला चिनोज म्हणतात, पुण्याकडची पोरं हीच घालतात, असं जयराजनं समजावलं. आई म्हणाली, घालत असतील.

साल सत्त्याण्णव. सांगलीच्या कॉलेजात तीन वर्षं काढून जयराज वाणिज्यापेक्षा कपड्यांचंच शास्त्र जास्त शिकला होता. चिनोजचे नियम त्याला तोंडपाठ होते. इस्त्रीची धार पाडायची नाही, पट्टा आणि बूट एकाच तपकिरी रंगाचे, शर्ट पांढरा आणि खोचलेला, पायाशी एकच दुमड. आईच्या हाती लागली तर ती खळ देऊन कडक करील, म्हणून पँट त्यानं आठवडाभर पेटीत कुलूप लावून ठेवली होती. हसू येईल, पण बाविसाव्या वर्षी माणूस याहून मोठ्या गोष्टींना एवढा जपत नाही.

मुलगी वडूजजवळच्या गावची, सृष्टी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्यानं तिला पाहिलं आणि तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. स्थळं जुळवणाऱ्या नानासोला गळ घालून हे स्थळ त्यानंच काढायला लावलं होतं. थोरांनी ठरवलं, आधी पोरानं मित्राला घेऊन बघून यावं, मग बैठकीचं बोलू. नानासो वडूजहून परस्पर येणार होता.

मित्र म्हणजे धम्मपाल. बौद्धवाड्यातला, पहिलीपासून एका बाकावर बसलेला. त्यानं स्वतःच्या हिमतीवर जीप घेतली होती आणि ती तो भाड्यानं चालवायचा. काळी पँट, कडक इस्त्रीचा निळा शर्ट घालून तो दारात आला आणि चिनोजकडे बघून म्हणाला, "झ्याक दिसतंय गड्या. पर बसणार कुठं? टेकलास की मळंल." मग त्यानंच आपला धुतलेला टॉवेल सीटवर अंथरला.

विटा गेलं, मायणी गेली. गाव दिसायला लागलं तशी जयराजला सुरसुरी आली. सृष्टीनं आपल्याला गाडी चालवताना बघायला हवं. त्यानं धम्मपालला बाजूला सरकवलं, चाक हाती घेतलं आणि झोकात जीप दारात उभी केली.

दारात सृष्टीचे आजोबा, नाथाजी, वाट बघत होते. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरलेली खाकी पाहिली, दुसऱ्या बाजूनं उतरलेला कडक शर्ट पाहिला आणि कुणीही धरलं असतं तेच धरून चालले. धम्मपालचा हात धरून, या पाव्हणं, म्हणत ते त्याला आत घेऊन गेले. जाता जाता जयराजला म्हणाले, "डायवर, तुमी हितं कट्ट्यावर बसा. चा धाडतो."

धम्मपाल तोंड उघडणार एवढ्यात जयराजनं ओठावर बोट ठेवलं. त्याला गंमत वाटली. नानासो येईपर्यंत नाटक चालू दिलं तर कॉलेजात सांगायला महिनाभर पुरला असता असा किस्सा. धम्मपालनं हसू दाबलं आणि आत जाऊन गादीवर बसला.

जयराज मात्र उभाच राहिला, पँट मळेल म्हणून. सृष्टीची आजी, राहीबाई, तांब्या घेऊन बाहेर आली. बाई मायाळू होती. गाव विचारलं, आई-बाप विचारले, उन्हातनं आलासा म्हणाली. मग नाव विचारलं. ड्रायव्हर व्हायचंच तर पुरतं व्हावं, म्हणून जयराजनं मोठ्यानं, ऐटीत सांगितलं, "धम्मपाल."

राहीबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पुढं केलेला तांब्या तेवढा तिनं अलगद मागं घेतला. बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यातून कान तुटलेला, निळ्या फुलाचा एक कप काढला, त्याच्यासमोर खाली ठेवला आणि वरून त्यात पाणी ओतलं. थोड्या वेळानं चहाही तसाच, वरून. "झालं की इसळून कोनाड्यात पालथा घाला, बाबा," म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. रोज तुळशीला पाणी घालावं तितक्या सवयीनं ती हे करत होती.

जयराजचे कान तापले. आधी आला तो राग. मला? बागाईतदाराच्या पोराला? आणि लगेच त्या रागाचीच त्याला लाज वाटली, कारण कप ओळखीचा निघाला. असाच एक त्याच्या घरी गोठ्याच्या कोनाड्यात होता. सगळे त्याला धम्माचा कप म्हणायचे. लहानपणी जयराजला त्याचा हेवा वाटे. घरात एवढी माणसं, पण स्वतःचा म्हणून कप फक्त धम्मपालला. मलापण तसाच पाहिजे म्हणून तो एकदा रडला होता आणि आईनं पाठीत धपाटा घातला होता. धपाटा कशाबद्दल, हे त्यानं पुढं कधी विचारलं नाही. मोठेपणी कळलं नाही की कळून घेतलं नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्या कपातून चहा नेऊन देणारा हात बहुतेक वेळा त्याचाच असायचा.

चहा त्यानं कसाबसा संपवला. कप विसळून पालथा घालतोय, तोवर नानासोची लुना दारात आली. नानासोनं विचारलं, नवरा मुलगा बाहेर कसा? मग एकच धांदल उडाली. नाथाजींनी कपाळावर हात मारला, माणसं पोट धरून हसली, जयराजला दोन्ही हातांनी आत ओढलं. राहीबाई तेवढी हसली नाही. ती आधी गादीवर बसलेल्या धम्मपालकडे आणि मग त्याच्यापुढच्या तांब्या-भांड्याकडे बघत राहिली. ड्रायव्हरचं नाव तिला माहीत झालं होतं. ते जयराजनंच सांगितलं होतं, हौसेनं.

तसल्या नजरा ओळखायला धम्मपालला वेळ लागत नसे. तो आपणहून उठला, गाडीपाशी बसतो म्हणाला. कुणी बस म्हटलं नाही. जयराजला एकच वाक्य बोलायचं होतं. हा माझा मित्र आहे, हा माझ्याशेजारीच बसेल. वाक्य ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात सृष्टी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, आणि जयराज खाली बसला. बसतानाही पँटला सुरकुती पडू नये म्हणून त्यानं गुडघ्यापाशी चिमटीत कापड धरून वर ओढलं. नियम अंगवळणी पडला होता. वाक्य त्यानं गिळलं.

मुलीला काही विचारायचं का, असं नानासोनं दोनदा विचारलं. जयराजनं विचारलं, पोहे तुम्ही केले का. दारातून कट्टा दिसत होता. तोच कप खाली आला, वरून चहा ओतला गेला. धम्मपाल प्यायला, कुणी न सांगता कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला.

परतताना मायणी मागं पडली. मग धम्मपाल म्हणाला, पोरगी चांगली हाय, होकार दे. जयराजला राहवेना. नाव मीच सांगितलं, गमतीत, असं तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ठावं हाय," धम्मपाल म्हणाला. "आत ऐकू आलं. तवाच उठणार हुतो. पर म्हटलं बसू जरा. बघू तर, तू काय करतूस."

पलूसला पोचले तेव्हा आईनं दोघांचा चहा ठेवला. जयराज गोठ्याकडे गेला आणि कोनाड्यातला कप घेऊन आला. त्यात त्यानं स्वतःचा चहा ओतला, धम्मपालसाठी घरातली कपबशी घेतली आणि बाहेर येऊन मातीच्या पायरीवर, त्याच्या शेजारी बसला. इथं बघणारं कुणी नव्हतं, म्हणून एवढा धीर आला, हे त्यालाही कळत होतं.

धम्मपालनं दोन्ही कपांकडे पाहिलं. कपबशी घेतली नाही. सीटवरचा आपला टॉवेल काढून झटकला, खांद्यावर टाकला आणि जीपमध्ये बसला.

"ऊठ गड्या," तो म्हणाला. "पँट मळंल."

जीप बौद्धवाड्याकडे वळली. जयराज दोन्ही कप धरून तिथंच बसून राहिला आणि आतून आई विचारत होती, पसंत पडली का रं?