अठरा बेचाळीसचं क्रुसिबल

"चिठ्ठी लई ले माय. बठ्ठा लेतस," टेबल पुसता पुसता झुलालआबा हळूच म्हणाले.

रुपलीने फडक्याखालची चिठ्ठी पाहिली आणि तिथेच परत सरकवली. "नको आबा. मी करी देखसू."

शिरपूरकडच्या त्या कॉलेजात आबा एकतीस वर्षं प्रयोगशाळेचे शिपाई होते. प्रात्यक्षिक परीक्षेत चिठ्ठी सगळेच घेत; ती परत येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांना राग आला. पोरगी शिष्ट दिसते, असं वाटलं.

चिठ्ठीवर तीन वजनं होती. रिकामं क्रुसिबल, म्हणजे तापवायची चिनी मातीची वाटी, अठरा पॉइंट बेचाळीस. त्यात निळं मोरचूद घातल्यावर वीस पॉइंट ब्याण्णव. तापवून त्यातलं पाणी उडवल्यावर वीस पॉइंट शून्य दोन. अडीच ग्रॅम मोरचुदात नव्वद शतांश पाणी, म्हणजे छत्तीस टक्के. पुस्तकातही छत्तीसच. त्यामुळे परीक्षकाला विचार करावा लागत नसे आणि विद्यार्थ्याला काडी ओढावी लागत नसे. विभागप्रमुख हितेंद्र सरांनी दोन हजार नऊ साली एकदा मनापासून केलेला प्रयोग होता तो. पुढे त्यांनी मनापासून काही केल्याची नोंद नाही. चिठ्ठ्या उतरवून वाटायचं काम मात्र त्यांनी तेव्हापासून आबांकडे दिलं.

सहापैकी एक बर्नर पेटत होता. चोवीस विद्यार्थी होते, पण बर्नरपाशी गर्दी नव्हती. रुपली एकटीच उभी होती. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तिने तापवलं, थंड केलं, तोललं, पुन्हा तापवलं, पुन्हा तोललं. वजन घटायचं थांबलं तेव्हा तिने हिशोब केला. बावीस पॉइंट एकसष्टचं क्रुसिबल, अडीच ग्रॅम मोरचूद, उडालेलं पाणी एकाहत्तर शतांश. अठ्ठावीस पॉइंट चार टक्के.

परीक्षक जळगावहून आले होते. समोर केळीच्या वेफर्सची बशी होती आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेवर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटत होता.

"अठ्ठावीस?" ते म्हणाले. "तेवीस जणांना छत्तीस येतं, तुलाच बरं येत नाही?"

"सर, मी दोनदा तापवलं."

"दहादा तापव. चुकलं ते चुकलं. नापास."

रुपलीने हिशोब पुन्हा तपासला. तिचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. नापास झालं की वसतिगृहातली जागा जाते, आणि जागा गेली की कॉलेज संपतं, हे तिने सकाळीच आबांना सांगितलं होतं. तेही बर्नर पेटवायला काडेपेटी मागताना, सहज.

आबांनी कपाटाकडे पाहिलं. मोरचुदाच्या बाटलीचं झाकण दिवाळीत फुटलं होतं. नवं मागितलं तेव्हा हितेंद्र सर म्हणाले होते, "पिशवी बांधा ना आबा." आबांनी पिशवी बांधली, वर रबर लावलं. आता एप्रिल संपत आला होता. खिडकीतल्या उन्हाने निळ्या खड्यांवर पिठासारखा पांढरा थर चढला होता. बरंचसं पाणी परीक्षेआधीच उडून गेलं होतं. त्या बाटलीतलं खरं उत्तर अठ्ठावीसच होतं.

हातातल्या फडक्याला स्पिरिटचा, शाईचा आणि इतक्या वर्षांच्या चिठ्ठ्यांचा वास येत होता. आबांनी ते बेसिनमध्ये टाकलं आणि रॅकवरची सगळी क्रुसिबलं ट्रेमध्ये घालून परीक्षकांसमोर आणून ठेवली.

"तोला सर. यातलं एकही अठरा बेचाळीसचं नाही. ते दोन हजार चौदालाच फुटलं. मीच केरात टाकलं."

परीक्षकांनी वरच्या चार-पाच उत्तरपत्रिका चाळल्या. अठरा बेचाळीस. अठरा बेचाळीस. त्यांनी शेजारी बसलेल्या हितेंद्र सरांकडे पाहिलं. सर वेफर्सकडे पाहत होते.

"हे आकडे कोणी दिले?" परीक्षकांनी विचारलं.

"मी. चिठ्ठी लिहून. आजच नाही, दरवर्षी. हिने घेतली नाही. बाटली बघा, पाणी आधीच उडालंय. हिचं बरोबर आहे."

"निवृत्ती कधी तुमची?"

"एकतीस मे."

"महिनाच राहिलाय," परीक्षक म्हणाले. "कशाला आता? आणि तेवीस जणांना नापास करून मला विद्यापीठात फेऱ्या मारायच्यात का?" मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी रुपलीचा पेपर तिच्याकडे सरकवला. "असं कर, छत्तीस लिही. पैकीच्या पैकी देतो. झालं समाधान?"

"मोठं मन आहे सरांचं," हितेंद्र सर म्हणाले.

रुपलीने आबांकडे पाहिलं. "मनं चुकनं का, आबा?"

"नही माय. तुनं बरोबर शे."

"मंग खोडू काबरं?"

वसतिगृहातली जागा जाते, हे सकाळचं बोलणं आबांना आठवलं. त्यांनी मान खाली घातली. अठ्ठावीसवरून पेनची एक रेघ ओढल्याचा आवाज आला.

संध्याकाळी आबा क्रुसिबलं धुवायला बसले. तेवीस क्रुसिबलं पांढरीशुभ्र होती, त्यांना आच लागलीच नव्हती. नियम म्हणून त्यांनी तीही धुतली. चोविसावं बुडाशी काळं पडलं होतं. आबांनी ते धुतलं नाही. स्वच्छ फडक्याने नुसतं पुसलं आणि रॅकवर सगळ्यांच्या पुढे ठेवलं.