आजोबांचे बूट ध्रुवाला निघाले

आमच्या जावयाला वस्तू विचारून न्यायची सवय नाही. आस्लाक हवाई दलात मेजर आहे, पाणबुड्या हुडकणारं गस्तीचं विमान चालवतो. समुद्राच्या पोटातलं त्याला ऐकू येतं, सासूचं येत नाही.

परवा त्यानं माझ्या आजोबांचे रेनडिअरच्या कातड्याचे बूट खिळ्यावरून काढून नेले. आजोबा उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या तुकडीचे म्होरके होते. ध्रुव हाताशी आला आणि कॉफी संपली. सगळ्यांना घेऊन ते माघारी वळले. बाहेरचे हसतात. हसू देत. एकही माणूस बर्फात राहिला नाही, म्हणून तर आमच्या बेटावर आज वस्ती आहे.

आता हवाई दलाला ध्रुववीरांचा वारसा आठवला. नव्या विमानाला आजोबांचं नाव दिलं. बुटांना खिडकीजवळची खुर्ची, कंबर नसताना पट्टा, वर लेफ्टनंटचा हुद्दा. कमांडरनं त्यांना सलाम ठोकला, मी डोळ्यांनी पाहिलं.

“शुक्रवारी ध्रुवावर नेऊन खाली सोडणार,” आस्लाक म्हणाला. “पाणबुड्यांचा आवाज ऐकायची यंत्रं टाकतो ना, त्याच नळीतून. आजोबांचं राहिलेलं काम पुरं होईल, आई.”

“त्यांचं काय राहिलंय? रविवारी तुझ्या पोराचा बाप्तिस्मा आहे. या घरातलं मूल आधी त्या बुटांत उभं राहतं, मग चर्चला जातं. तुझं काय माझ्या सपातांत उभं करू?”

“हुकूम आहे, आई.”

माझी लेक सिग्ने रडायला लागली. मी कॉफीचं आधण ठेवायला उठले.

विमानातल्या सगळ्यांची कॉफी आमच्या घरून जाते. सरकारी कॉफी ती पोरं तोंडाला लावत नाहीत. शुक्रवारी सकाळी मी मोठे थर्मास भरून दिले, झाकणं घट्ट लावून. आत सुक्या कॉड माशाचं उकळलेलं पाणी होतं. पौष्टिक असतं.

विमान संध्याकाळच्या आत परत. आस्लाक दारात उभा, काखेत बूट, तोंड उतरलेलं.

“ध्रुव दिसायला आला होता, आई. तेवढ्यात थर्मास उघडले. पोरांनी कानावरची यंत्रं काढून ठेवली. म्हणाली, कॉफी नाही तर पाणबुडीही नाही. वळावं लागलं. कागदावर ‘तांत्रिक अडचण’ लिहिलंय, पण अख्खा तळ हसतोय.”

“मग बूट तिथंच टाकायचेस.”

“हुकूम ध्रुवावर टाकायचा होता. अलीकडे टाकायचा नव्हता.”

मी बुटांत हात घातला. उबेसाठी आजोबांनी आत भरलेलं गवत कोरडं होतं, जसंच्या तसं. बाळाला उचलून आत उभं केलं, तर ते हसलं, बापासारखं तोंड पाडलं नाही.

मग आस्लाकला म्हटलं, “आजोबांसारखा वळलास आणि सगळी पोरं घरी आणलीस. लग्न कधीचं झालंय, पण या घरचा जावई तू आज झालास. आता रविवार झाला की बूट खिळ्याला टांग. पुन्हा न विचारता हात लावलास, तर जन्मभर चहा पाजीन.”